चुकीची नोंद, अडलेला परतावा
वित्तीय माहितीतील त्रुटी आणि त्यांच्या निवारणाची व्यवस्था

नागरिकाची आर्थिक ओळख आता बव्हंशी त्याने स्वतः दिलेल्या माहितीवर नव्हे, तर त्याच्याविषयी इतरांनी दिलेल्या माहितीवर ठरते. बँक त्याचे व्याज कळवते, मालक त्याच्या वेतनातून कापलेला कर कळवतो, म्युच्युअल फंडाचा निबंधक त्याचे व्यवहार कळवतो, कर्ज देणारी संस्था त्याच्या हप्त्यांचा इतिहास कळवते. ही माहिती अचूक असेपर्यंत या व्यवस्थेचे अस्तित्वही जाणवत नाही. ती चुकली की मात्र एक साधा दिसणारा आणि प्रत्यक्षात अत्यंत बिकट असा प्रश्न उभा राहतो. चूक ज्याने केली तो एक, ती वापरणारा दुसरा आणि तिचा भुर्दंड सोसणारा तिसरा, अशा परिस्थितीत दुरुस्ती कोणी करावयाची? या तिसऱ्या माणसाने दाद कोणाकडे मागावयाची?

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात ई-प्रशासन, नागरिकांची सनद, तक्रार निवारण आणि कर प्रशासन हे घटक वेगवेगळ्या शीर्षकांखाली येतात. ते चारही घटक एकत्र पाहावयाचे असतील, तर प्राप्तिकर विभागाच्या बंगळुरू येथील केंद्रीकृत प्रक्रिया केंद्राइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. यशोगाथा म्हणून हे केंद्र विद्यार्थ्यांना परिचित असते आणि ते यश खरेही आहे. परंतु त्या यशाची दुसरी बाजू न्यायालयात मांडली गेली, तिथे तिची दखल घेतली गेली आणि त्यातून काही नियम बदलले. हा भाग पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

बंगळुरूचे केंद्र : वेग कशामुळे आला?

पूर्वी विवरणपत्र ज्या अधिकाऱ्याच्या कार्यक्षेत्रात दाखल होई, त्याच कार्यालयात त्यावर प्रक्रिया होत असे. कागदी विवरणपत्रांचे गठ्ठे, हाताने केलेली पडताळणी आणि परताव्यासाठी मारलेले हेलपाटे हा करदात्यांच्या एका संपूर्ण पिढीचा अनुभव आहे. वित्त अधिनियम, २००८ ने प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम १४३ मध्ये पोटकलमे घालून विवरणपत्रांवर केंद्रीकृत पद्धतीने प्रक्रिया करण्याचा कायदेशीर मार्ग मोकळा केला. त्यानुसार बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटी परिसरात हे केंद्र उभे राहिले. संगणकीय व्यवस्था चालवण्याचे काम इन्फोसिस कंपनीकडे सोपवण्यात आले. केंद्रीकृत प्रक्रियेची सविस्तर योजना जानेवारी २०१२ मध्ये अधिसूचित झाली. देशाच्या कानाकोपऱ्यातून स्वाक्षरी केलेले पोचपत्र साध्या टपालाने वा स्पीड पोस्टाने इलेक्ट्रॉनिक सिटी डाकघराच्या पत्त्यावर पाठवावयाचे, ही पद्धत त्या काळात घरोघरी माहीत झाली होती. ही मुदत पूर्वी १२० दिवसांची होती. १ ऑगस्ट २०२२ पासून ती ३० दिवसांवर आली.

विवरणपत्रावर प्रक्रिया होण्यास २०१३-१४ मध्ये सरासरी ९३ दिवस लागत, ते २०२३-२४ मध्ये १० दिवसांवर आले, असे फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पीय भाषणात सांगण्यात आले. हा वेग जसा यंत्रामुळे आला, तसाच तो विवेकाधिकार काढून घेतल्यामुळेही आला, हे विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे. बंगळुरूचे यंत्र दोन रकाने शेजारी ठेवते. एका रकान्यात करदात्याचे म्हणणे असते, दुसऱ्यात त्याच्याविषयी इतरांनी कळवलेले आकडे असतात. दोन्ही जुळले तर परतावा काही दिवसांत खात्यात जमा होतो. न जुळल्यास दुसरा रकाना खरा धरून हिशेब केला जातो. एखादा अनुभवी अधिकारी कागद पाहून 'ही तर उघडउघड बँकेची चूक आहे' असे ठरवत असे, ती जागा या रचनेत उरलेली नाही. त्या जागेबरोबर अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्नही गेला, हेही तितकेच खरे.

दुसरा रकाना येतो कोठून?

मुळातून करकपात, म्हणजे टीडीएस, ही भारतीय कर प्रशासनाची मुख्य धमनी आहे. कर कापणारा दर तिमाहीस विवरण दाखल करतो. वेतनासाठी २४ क्यू आणि निवासी व्यक्तींना दिलेल्या अन्य रकमांसाठी २६ क्यू हे नमुने अनेक वर्षे प्रचलित राहिले. ही विवरणे प्रथम मुंबईच्या एनएसडीएल संस्थेने २००४ पासून चालवलेल्या कर माहिती जाळ्यात येऊ लागली. पुढे त्यांच्यावरील प्रक्रियेसाठी गाझियाबादजवळ वैशाली येथे टीडीएसचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले. या सर्वांतून करदात्याच्या स्थायी खाते क्रमांकावर, म्हणजे पॅनवर, जे पत्रक तयार होते ते नमुना २६ एएस. त्यातील प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर असते. 'एफ' म्हणजे भरणा आणि विवरण यांचा मेळ बसून अंतिम झालेली नोंद, 'यू' म्हणजे न जुळलेली, 'पी' म्हणजे शासकीय कार्यालयांच्या बाबतीतील तात्पुरती, आणि 'ओ' म्हणजे प्रत्यक्ष भरण्यापेक्षा अधिक रकमेची नोंद झालेली.

एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्यातील एका शिक्षिकेला मुदत ठेवींवर १,५०,००० रुपये व्याज मिळाले आणि बँकेने त्यावर दहा टक्के दराने १५,००० रुपये कापले. तिचा वर्षाचा एकूण कर २२,००० रुपये. उरलेले ७,००० रुपये तिने स्वतः भरले आणि हिशेब पूर्ण झाला. परंतु बँकेच्या शाखेत विवरण भरताना तिच्या पॅनमधील एक अक्षर चुकले. शासनाच्या तिजोरीत १५,००० रुपये जमा झाले आहेत, तिच्या हाती बँकेचे प्रमाणपत्र आहे, पण तिच्या २६ एएस मध्ये ती नोंद नाही. बंगळुरूहून तिला सूचना येते, '१५,००० रुपये भरावेत.'

आता ती कोठे जाईल? बंगळुरूचे केंद्र म्हणेल की नोंद कर कापणाऱ्याने दुरुस्त करावी. बँकेची शाखा म्हणेल की विवरण विभागीय कार्यालयातून जाते. दुरुस्ती विवरण दाखल झालेच, तर ते वैशालीच्या केंद्रातून प्रक्रिया होऊन तिच्या पत्रकात उमटेल. त्यानंतर तिने पुन्हा बंगळुरूकडे दुरुस्तीचा अर्ज करावयाचा. साताऱ्यातील प्राप्तिकर अधिकारी, ज्याला ती प्रत्यक्ष भेटू शकते, त्याच्याकडे ना बँकेची नोंद बदलण्याचा अधिकार, ना बंगळुरूची प्रक्रिया थांबवण्याची सोय. मदत क्रमांकावरील कर्मचारी कितीही सौजन्यशील असला, तरी तो केवळ पडद्यावर दिसणारी स्थिती वाचून दाखवू शकतो. या साखळीत दोष एका अक्षराचा आहे, आणि प्रत्येक जण आपापल्या मर्यादेत योग्य तेच बोलत आहे. व्यवस्थेतील टोलवाटोलवी बहुधा अशी असते. तीत कोणी दुष्ट नसतो.

कायदा याबाबत वास्तविक निःसंदिग्ध होता. १९६१ च्या अधिनियमाचे कलम २०५ सांगते की ज्या उत्पन्नातून कर कापला गेला आहे, त्या प्रमाणात तो कर पुन्हा करदात्याकडून मागता येणार नाही. फक्त कलम २०५ यंत्राला ठाऊक नव्हते.

दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१३ चा निर्णय

अशा तक्रारी एकेकट्या राहिल्या असत्या तर विरून गेल्या असत्या. ३० एप्रिल २०१२ च्या एका पत्रात एका सनदी लेखापालाने या अडचणी मांडल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्या पत्राची स्वतःहून दखल घेऊन ती जनहित याचिका म्हणून चालवली. न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती आर. व्ही. ईश्वर यांच्या खंडपीठाने १४ मार्च २०१३ रोजी निर्णय दिला. 'कोर्ट ऑन इट्स ओन मोशन विरुद्ध प्राप्तिकर आयुक्त' या नावाने तो ओळखला जातो. प्रशासकीय कायद्याच्या अभ्यासकांनी तो मुळातून वाचावा, इतका तो कार्यालयीन व्यवहाराच्या बारकाव्यांत उतरतो.

न्यायालयापुढे दोन प्रश्न विशेष महत्त्वाचे होते. पहिला आपण पाहिलाच, तो म्हणजे जुळत नाही म्हणून नाकारलेले करकपातीचे श्रेय. दुसरा त्याहून गंभीर होता. केंद्रीकरणाच्या वेळी निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या नोंदवह्यांतील जुन्या थकबाक्या बंगळुरूच्या संगणकात चढवण्यात आल्या. त्यांपैकी काही पूर्वीच भरल्या गेल्या होत्या, काही अपिलात कमी झाल्या होत्या, तर काहींची सूचना करदात्याला कधी मिळालीच नव्हती. कागदावर असेपर्यंत या नोंदी निरुपद्रवी होत्या. संगणकात येताच त्या जिवंत झाल्या आणि चालू वर्षाच्या परताव्यातून वळत्या होऊ लागल्या. कलम २४५ नुसार अशी वळती करण्यापूर्वी करदात्याला लेखी पूर्वसूचना देणे आवश्यक होते. पूर्वसूचना देणे, उत्तराची संधी देणे, आणि उत्तर आल्यास त्याचा विचार करून मगच वळती करणे हा क्रम पाळावा, असे न्यायालयाने स्पष्ट केले. जी मागणी कळवलीच गेली नाही, तिच्याबाबत ती कळवली होती हे दाखवण्याची जबाबदारीही विभागावर येते.

न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी वरवर किरकोळ वाटेल. दुरुस्तीच्या अर्जांची कार्यालयात नोंदवही ठेवावी आणि अर्जदारास पोच द्यावी. कलम १५४ खालील अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याचे बंधन कायद्यात होतेच. पण अर्ज कधी आला याचाच पुरावा नसेल, तर मुदत मोजावयाची कोठून? प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण निर्णयातील सर्वांत व्यवहार्य वाक्य हेच आहे. तक्रार निवारणाच्या चर्चेत आपण प्राधिकरणे, अपिले आणि लोकपाल यांविषयी बोलतो, परंतु नागरिकाच्या हातातील पोचपावती ही त्या सर्वांची पूर्वअट असते.

या निर्णयानंतर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ८ जुलै २०१३ रोजी सूचना क्रमांक ५ काढली. करदाता मागणीच्या सूचनेसह पुरावे घेऊन आल्यास कापणाऱ्याने भरणा केला आहे किंवा नाही याची अधिकाऱ्याने पडताळणी करावी आणि भरणा झाला असल्यास श्रेय द्यावे, असे तीत म्हटले होते. जून २०१५ मध्ये, आणि पुन्हा मार्च २०१६ मध्ये, मंडळाला आपल्या अधिकाऱ्यांना कलम २०५ ची आठवण करून द्यावी लागली. एकाच आशयाचे पत्र दुसऱ्यांदा काढावे लागते, तेव्हा पहिले पत्र कार्यालयांत कितपत झिरपले याचा अंदाज वाचकांनी करावा.

जुन्या थकबाकीचा शेवट मात्र न्यायालयात झाला नाही, अर्थसंकल्पात झाला. १ फेब्रुवारी २०२४ रोजी अर्थमंत्र्यांनी जाहीर केले की २००९-१० पर्यंतच्या कालावधीतील २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातील १०,००० रुपयांपर्यंतच्या थकीत मागण्या मागे घेतल्या जातील. त्यांपैकी काही थेट १९६२ पर्यंत मागे जात होत्या. सुमारे एक कोटी करदात्यांना याचा लाभ होईल, असे सांगण्यात आले. १३ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशाने एका करदात्यासाठी एकूण एक लाख रुपयांची कमाल मर्यादा ठरवण्यात आली आणि अंमलबजावणीचे काम आले ते बंगळुरूच्याच केंद्राकडे. या मागण्या पडताळता येत नाहीत, त्यांचा मेळ घालता येत नाही आणि त्या पुढील वर्षांचे परतावे अडवतात, ही कारणे शासनाने स्वतःच दिली. सदोष माहिती दुरुस्त करण्याचा खर्च तिच्यातून मिळणाऱ्या महसुलापेक्षा जास्त असेल तर ती पुसून टाकणेच शहाणपणाचे, हे त्यामागचे अर्थशास्त्र आहे.

चुकीची किंमत कोण देतो?

अर्थशास्त्राच्या भाषेत ही बाह्य परिणामाची समस्या आहे. कारखान्याचा धूर शेजाऱ्याला त्रास देतो, पण कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही, त्याचप्रमाणे बँकेच्या विवरणातील चुकीचे अक्षर बँकेच्या खर्चात दिसत नाही. कायदे-अर्थशास्त्राचे अभ्यासक गिडो कॅलाब्रेसी यांनी अपघातांच्या संदर्भात मांडलेले तत्त्व येथे उपयोगी पडते. हानी टाळण्यास ज्याला सर्वांत कमी खर्च येतो, तिचा भार त्याच्यावर टाकावा. पॅन तपासून घेण्याचा बँकेचा खर्च नगण्य आहे. चूक झाल्यानंतर साताऱ्याच्या शिक्षिकेचा खर्च, म्हणजे रजा, प्रवास, सल्लागाराचे शुल्क आणि मनस्ताप, त्याच्या कितीतरी पट आहे.

१९६१ च्या अधिनियमात दंडाच्या तरतुदी नव्हत्या असे नाही. टीडीएस विवरणास उशीर झाल्यास कलम २३४ ई खाली दररोज २०० रुपये शुल्क होते. चुकीच्या माहितीसाठी कलम २७१ एच खाली १०,००० ते १,००,००० रुपयांपर्यंत, आणि वित्तीय व्यवहारांच्या सदोष विवरणासाठी कलम २७१ एफएए खाली ५०,००० रुपये दंड होऊ शकत होता. परंतु हे सर्व पैसे जातात तिजोरीत. ज्याला झळ बसली त्याच्या पदरी त्यातील एक रुपयाही पडत नाही. दंड आणि नुकसानभरपाई यांतील हा भेद उत्तरपत्रिकेत स्पष्ट मांडावा. कलमांचे हे क्रमांक १९६१ च्या अधिनियमातील आहेत. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ ची अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ असून त्यात कलमांची मांडणी नव्याने झाली आहे.

वैयक्तिक नोंदीतील चूक आणि सामूहिक आकडेवारीतील चूक यांतील फरकही पाहण्यासारखा आहे. १२ मार्च २०१२ रोजी जाहीर झालेल्या औद्योगिक उत्पादन निर्देशांकानुसार जानेवारी २०१२ मधील वाढ ६.८ टक्के होती. महिन्याभराने ती सुधारून सुमारे १.१ टक्का करण्यात आली. कारण काय, तर साखरेचे उत्पादन ५८.०९ लाख टनांऐवजी १३४.०८ लाख टन असे धरले गेले होते. साखर कारखान्यांच्या प्रदेशातील वाचकाला एका महिन्यातील हा आकडा पाहताच शंका यावी. मधल्या काळात, १५ मार्चला, रिझर्व्ह बँकेने रेपो दर ८.५ टक्क्यांवर कायम ठेवला होता. १७ एप्रिलला तो अर्ध्या टक्क्याने उतरवला. चुकीच्या आकड्याचा त्या निर्णयात किती वाटा होता हे सांगता येणार नाही, पण धोरणकर्त्यांच्या टेबलावर तो आकडा होता. एवढी मोठी चूक सांख्यिकी यंत्रणेच्या पुढील फेरीत पकडली जाते, कारण ती एकूण बेरीज हलवते. शिक्षिकेचे १५,००० रुपये कोणतीही बेरीज हलवत नाहीत. ती चूक ओळखू शकणारी व्यक्ती देशात एकच आहे, आणि ती म्हणजे शिक्षिका स्वतः. तिची तक्रार हा प्रशासनाच्या कामातील व्यत्यय नसून माहितीच्या शुद्धतेची एकमेव उपलब्ध चाचणी आहे.

वार्षिक माहिती पत्रक आणि अभिप्रायाची सोय

ही जाणीव उशिरा का होईना, व्यवस्थेत आली. १ नोव्हेंबर २०२१ पासून प्राप्तिकर विभागाने वार्षिक माहिती पत्रक, म्हणजे एआयएस, उपलब्ध करून दिले. व्याज, लाभांश, रोख्यांचे व्यवहार, म्युच्युअल फंड, परदेशी पाठवलेल्या रकमा अशी विस्तृत माहिती त्यात असते आणि प्रत्येक नोंदीवर करदात्यास अभिप्राय देता येतो. माहिती बरोबर आहे, पूर्णतः बरोबर नाही, अन्य पॅनशी वा अन्य वर्षाशी संबंधित आहे, दुबार आहे, किंवा मान्य नाही, असे पर्याय असतात. अभिप्राय दिल्यावर मूळ कळवलेला आकडा पुसला जात नाही. त्याच्या शेजारी सुधारित आकडा दिसू लागतो.

या पत्रकातील चुका बहुधा ठरावीक प्रकारच्या असतात. संयुक्त खात्यातील संपूर्ण व्याज पहिल्या धारकाच्या नावे दिसते, जरी ठेव दुसऱ्याच्या पैशांची असली तरी. पतीच्या डिमॅट खात्यातून पत्नीच्या खात्यात हस्तांतरित केलेले समभाग विक्री म्हणून दिसू शकतात. बँक व्याज उपार्जित तत्त्वावर कळवते आणि खातेदार ते मिळाल्यावर दाखवतो, त्यामुळे वर्षाचा घोळ होतो. यांतील पहिले व शेवटचे प्रकार काटेकोरपणे पाहता चुका नव्हेतच. ते दोन हिशेबपद्धतींतील अंतर आहे. म्हणून न जुळणाऱ्या प्रत्येक आकड्याला चूक म्हणू नये, आणि पत्रकाशी जुळावे म्हणून आपला बरोबर आकडा बदलूही नये. विवरणपत्र सत्य उत्पन्नाचे भरावयाचे असते. पत्रक ही त्याच्या पडताळणीची सामग्री आहे.

आरंभी या अभिप्रायाचे पुढे काय होते हे करदात्याला कळत नसे. मे २०२४ मध्ये ही त्रुटी बऱ्याच अंशी दूर झाली. अभिप्राय माहिती देणाऱ्या संस्थेकडे पाठवला गेला किंवा नाही, कोणत्या तारखेस पाठवला, संस्थेने कधी उत्तर दिले आणि तो मान्य, अंशतः मान्य की अमान्य केला, हे पत्रकातच दिसू लागले. दिल्लीच्या न्यायालयाने २०१३ मध्ये मागितलेल्या पोचपावतीचे हे संगणकीय रूप म्हणता येईल. अडचण एकच राहते. संस्थेने अभिप्राय अमान्य केला, तर चूक करणाराच तिचा न्यायाधीश ठरतो. अशा वेळी करदात्याने संस्थेशी लेखी पत्रव्यवहार करावा, खातेउतारा व प्रमाणपत्र जपून ठेवावे आणि विभागाकडून विचारणा आल्यास मुदतीत उत्तर द्यावे. तटस्थ मध्यस्थ म्हणून पूर्वी प्राप्तिकर लोकपाल असे. तक्रारींची संख्या अत्यल्प झाल्याचे कारण देऊन ती व्यवस्था फेब्रुवारी २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने बंद केली. लोकपालाकडे तक्रारी येत नव्हत्या हे खरे. पण तो आहे हेच किती करदात्यांना माहीत होते, हाही प्रश्न त्या वेळी विचारला जावयास हवा होता.

पतमाहिती कंपन्या : भरपाईचे तत्त्व

रिझर्व्ह बँकेच्या क्षेत्रात याच प्रश्नाला वेगळे उत्तर देण्यात आले आहे. पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ खाली देशात चार कंपन्या काम करतात. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क ही त्यांची नावे. फेडलेले कर्ज थकीत दिसणे किंवा नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावे दिसणे या नेहमीच्या तक्रारी आहेत आणि त्यांची किंमत घरकर्ज नाकारले जाण्यापर्यंत जाऊ शकते. अधिनियमाच्या कलम २१ नुसार दुरुस्तीसाठी तीस दिवसांची मुदत आहे. मात्र कर्ज देणाऱ्या संस्थेने प्रमाणित केल्याशिवाय कंपनी नोंद बदलू शकत नाही. म्हणजे येथेही साखळी तीन कड्यांचीच आहे.

२६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने त्या साखळीला किंमत लावली. तक्रार तीस दिवसांत न सुटल्यास तक्रारदाराला पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये मिळावेत, ही तरतूद २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. कर्जसंस्थेने एकवीस दिवसांत सुधारित माहिती पाठवली नाही तर भरपाई तिने द्यावयाची. तिने वेळेत पाठवूनही कंपनीने विलंब केला तर कंपनीने. उदाहरणार्थ, तक्रार पंचेचाळिसाव्या दिवशी सुटली, तर तक्रारदारास १,५०० रुपये मिळतील. रक्कम मोठी नाही. पण ती दंड नसून भरपाई आहे, ती आपोआप वाढत जाते आणि विलंब कोणत्या कडीत झाला हे शोधण्यास दोन्ही संस्थांना भाग पाडते. दुरुस्तीची विनंती फेटाळल्यास कारण कळवण्याचे बंधनही घालण्यात आले. १ सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेच्या कक्षेत आल्या होत्याच. वर्षातून एकदा संपूर्ण पत अहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून आहे, आणि १ जानेवारी २०२५ पासून कर्जसंस्थांनी माहिती महिन्याऐवजी दर पंधरवड्यास कळवावयाची आहे. त्यामुळे दुरुस्तीही लवकर उमटते, आणि अर्थातच चूकही.

मध्यस्थ ज्याला माहिती दिसत नाही

बंगळुरूशी निगडित असलेली आणखी एक व्यवस्था म्हणजे अकाउंट अॅग्रिगेटर, ज्यांना खाते-संकलक म्हणता येईल. रिझर्व्ह बँकेचे यासंबंधीचे निर्देश २ सप्टेंबर २०१६ चे आहेत. प्रत्यक्ष व्यवस्था बरोबर पाच वर्षांनी, २ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झाली. या क्षेत्रातील संस्थांचा समूह असलेली 'सहमती' ही संस्था बंगळुरूची. येथे बँक, विमा कंपनी यांसारख्या संस्था वित्तीय माहिती पुरवठादार ठरतात, कर्ज देऊ इच्छिणारी संस्था ही वापरकर्ती असते, आणि संकलक ग्राहकाच्या संमतीने माहिती एकीकडून दुसरीकडे पोहोचवतो. संकलकाला ती माहिती वाचता येत नाही, कारण ती सांकेतिक स्वरूपात जाते. गोपनीयतेच्या दृष्टीने हा मोठाच गुण आहे. तक्रारीच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा की ग्राहक ज्या ॲपवर संमती देतो, त्या ॲपच्या चालकाला आकडा बरोबर की चूक हे सांगता येणार नाही. संमती, जोडणी वा विलंब यांची तक्रार संकलकाकडे करावी. आकड्यातील चुकीची तक्रार मात्र तो आकडा ज्या बँकेकडून आला, तिच्याकडेच करावी लागते.

डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम १२ ने माहिती दुरुस्त व पूर्ण करून घेण्याचा सर्वसाधारण हक्क दिला आहे. कलम ८ नुसार, ज्या माहितीच्या आधारे व्यक्तीवर परिणाम करणारा निर्णय घेतला जाण्याची शक्यता आहे, तिची अचूकता व पूर्णता राखणे हे माहिती हाताळणाऱ्याचे कर्तव्य ठरते. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि या मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. म्हणजे हे हक्क प्रत्यक्ष बजावता येण्यास मे २०२७ उजाडेल. तोपर्यंतच्या तक्रारी वर वर्णिलेल्या मार्गांनीच, ज्या त्या नियामकाच्या मुदतीत चालवाव्या लागतील.